तरोटा आणि त्याची भावंडं

मृगाचा पाऊस दोन-तीनदा नीट कोसळला की आमच्या शेंदूरजनाघाटला संत्र्यांच्या बागांच्या धुऱ्यांवर, पांदणीच्या दोन्ही अंगांना, शाळेच्या कुंपणाशी, जिथे म्हणून मोकळी जागा आहे तिथे तरोटा उगवतो. मी लग्न होऊन इकडे आले तेव्हा ह्याला माझ्या माहेरी टाकळा म्हणतात एवढंच मला ठाऊक होतं. विकत न घेता मिळणारी, पहिल्या पावसाची भाजी म्हणून इकडे तिचं मोठं कौतुक. कोवळी पानं खुडायची, स्वच्छ धुऊन बारीक चिरायची, भिजवलेली चणाडाळ, भरपूर लसूण आणि मिरची घालून परतायची. किंचित उग्र लागते, पण ज्वारीच्या भाकरीबरोबर तोंडाला चव येते. फुलं आली की मात्र पानं चरबट होतात, मग हात लावू नये.

आता खरी गोष्ट अशी, मैत्रिणींनो, की पिवळ्या फुलांची आणि जोडीजोडीने पानं असलेली ही एकच वनस्पती नाही. तिची चुलत-मावस भावंडं तिथेच, शेजारीच उभी असतात, आणि फूल पाहून ती ओळखू येत नाहीत. सगळ्यांनाच पाच पिवळ्या पाकळ्या! आत्याबाई (आमच्याकडे सासूबाईंना असंच म्हणतात) मला पहिल्याच पावसाळ्यात म्हणाल्या होत्या, "फूल काय पाह्यतं वं माय, फुलं सारे सारखेच रायते. पान पाह्य, अन् वास घे." बी. ए. ला माझा विषय मराठी, वनस्पतिशास्त्राशी संबंध नाही. पण शाळेत मुलांना परिसर अभ्यास शिकवताना ही शिकवणी फार उपयोगी पडली.

तरोट्याच्या एका देठावर पानांच्या बहुधा तीन जोड्या असतात. पानाचं टोक गोल, देठाकडचा भाग निमुळता. खालच्या जोडीच्या बेचक्यात नीट पाहिलंत तर टाचणीच्या टोकासारखी बारीक नारिंगी दांडी दिसते, ती त्याची ग्रंथी. शेंग लांब, बारीक, कोयत्यासारखी वाकलेली. आणि संध्याकाळ झाली की पानं मिटून झोपी जातात. माझ्या धाकटीला ही गंमत इतकी आवडते की दिवेलागणीला ती दारातल्या झाडाला "निजला का रे?" विचारून येते.

दुसरा कासविंदा. ह्याची पानं टोकाला अणकुचीदार, चार ते सहा जोड्या, शेवटची जोडी सगळ्यांत मोठी. ग्रंथी पानांच्या मध्ये नसते, देठ खोडाला मिळतो तिथे जवळच एक गोल गाठ असते. पान चुरगाळलं की दुर्गंधी येते. शेंग तरोट्याहून रुंद, चपटी, तपकिरी, कडांना फिकट रंग. ह्या झाडाला वैद्य कासमर्द म्हणतात, म्हणजे खोकला मारणारा. औषधी म्हणून ह्याला मान आहे, आणि त्यामुळेच पुष्कळ बाया "औषधीच तर आहे" म्हणून बिनधास्त असतात.

तिथेच घात आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात, बिजनौरकडे, पावसाळा सरल्यावर दरवर्षी लहान मुलं एकाएकी उलट्या होऊन, बेशुद्ध पडून दगावत. मेंदूज्वर समजून वर्षानुवर्षं उपचार चालले. बिजनौरचे बालरोगतज्ज्ञ डॉ. विपिन वशिष्ठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2007 मध्ये लिहिलं की हा ताप नव्हे, कासविंद्याच्या बियांची विषबाधा असावी. खेळता खेळता मुलं त्या शेंगा खात. त्यावर नेमका उतारा नाही. ओडिशात मलकानगिरीला 2016 मध्ये मुलं दगावली तेव्हाही ह्याच बियांचं नाव पुढे आलं. तिकडे ह्याला 'बडा चाकुंडा' म्हणतात, आणि चाकुंडा म्हणजे आपला तरोटाच! म्हणजे नावातसुद्धा तो तरोट्याचा थोरला भाऊ होऊन बसला आहे.

हे वाचल्यापासून दिवाळीच्या सुमाराला मी घराच्या आजूबाजूचा कासविंदा मुळासकट उपटते. शाळेतही मुलांकडून खिसे रिकामे करून घेते. भातुकलीत मुलींना वाळल्या शेंगा 'डाळ' म्हणून लागतात, त्यांना मी चिंचोके देते. शेजारच्या वहिनी हसतात, "एवढ्या गवतालाही भ्यायचं का?" त्यांच्या घरी तीन वर्षांचा नातू आहे, म्हणून मी हसण्यावारी नेत नाही. परवा त्यांच्या परसातला मीच उपटून आले.

तिसरा एक आहे, अमेरिकेतून आलेला, अंगभर सोनेरी-तपकिरी लव असलेला. ह्याची शेंग आखूड, सरळ, मण्यांसारखी कप्प्याकप्प्यांची. गुरं तोंड लावत नाहीत. 1955 मध्ये पुण्यात दिसलेल्या आणि मग राज्यभर पसरलेल्या गाजरगवताला हा मागे सारतो, एवढंच त्याचं पुण्य.

आणि खुद्द तरोट्यातही दोन जाती आहेत, बरं का! एकाला खालच्या दोन्ही जोड्यांत ग्रंथी, दुसऱ्याला फक्त सगळ्यांत खालच्या जोडीत. बियांवरचा पट्टा एकाचा रुंद, एकाचा अगदी रेघेएवढा. लिनियसने 1753 मध्ये दोघांना वेगळी नावं दिली, तरी पुढे कित्येकांनी ती एकच मानली. आत्याबाईंना मी हे भिंगातून दाखवलं. त्यांनी दोन्ही बिया तळहातावर घेऊन पाहिल्या आणि म्हणाल्या, "भाजी दोघायचीही होते ना? मग राहू दे."

धाकटीने मात्र भिंग ठेवून घेतलं आहे. सध्या ती येणाऱ्याजाणाऱ्याला देठाशी गाठ आहे का विचारते.