कंपनी विकली, जामीन मात्र राहिला!

पैठण रस्त्यावर 14 किलोमीटरच्या दगडाजवळ चितेगाव आहे. व्हिडिओकॉनच्या नोंदणीकृत पत्त्यातसुद्धा हा दगड लिहिलेला असे. रंगीत टीव्हीचे दिवस आले तेव्हा आसपासच्या गावांतली आणि शहराच्या वस्त्यांतली कितीतरी मुले तिथे कामाला लागली. मुलगा व्हिडिओकॉनमध्ये परमनंट आहे, एवढे सांगितले की सोयरीक जुळत असे. त्या काळी ही कंपनी दुसऱ्यांच्या कंपन्या विकत घेणारी होती. 2005 साली तिने इलेक्ट्रोलक्सचा भारतातील कारभार घेतला, थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा धंदा घेतला. त्यात इटलीतील अनान्यी गावचा कारखानाही आला. पुढे पातळ पडद्याचे टीव्ही आले, ट्यूब कोणाला नकोशी झाली आणि तो कारखाना बंद पडला. अनान्यीच्या कामगाराने पैठण रस्ता कधी पाहिला नसेल, पण त्याची भाकरी याच रस्त्याला बांधलेली होती!

मग पाळी चितेगावची आली. जून 2018 मध्ये बँकांचे कर्ज थकल्यामुळे कंपनी दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेली. समूहातील 13 कंपन्यांवर मान्य झालेले दावे होते 64 हजार 800 कोटींच्या वर. वेदांत समूहातील ट्विन स्टार टेक्नॉलॉजीजने बोली लावली 2 हजार 962 कोटींची. जून 2021 मध्ये न्यायाधिकरणाने ती मंजूर केली, पण घेणारा जवळजवळ काहीच देत नाही, असा शेराही मारला. जानेवारी 2022 मध्ये अपिलात ती मंजुरी रद्द झाली. बँकांचे किती बुडाले यावर पानेच्या पाने छापून आली. कामगाराच्या मनाचे काय झाले, यावर फारसे कोणी लिहिले नाही. ते आम्हाला लिहायचे आहे.

आम्ही व्हिडिओकॉनचे नव्हे. आम्ही वाळूजच्या एका कंपनीत इन्स्पेक्शनला होतो. कंपनीचे नाव इथे घेत नाही. 2014 साली ती दुसऱ्या मोठ्या समूहाने घेतली. आधी चार महिने नुसती कुजबुज. विचारले तर साहेब म्हणत, "तुमच्यापर्यंत काही येणार नाही, निश्चिंत राहा." एका सोमवारी गेटवरची पाटी बदललेली दिसली. आठवड्याने पुण्याहून नवे साहेब आले, आम्हा सगळ्यांना निळे टी-शर्ट वाटले, आपण आता एक कुटुंब आहोत, असे भाषण झाले, पेढेही वाटले. त्यानंतर दीड महिन्यात 42 जणांची यादी लागली. म्हणायला स्वेच्छानिवृत्ती, पण फॉर्म भरला नाही तर बदली गुजरातच्या प्लँटला. कुटुंबातली माणसे अशी यादी लावून कमी करतात काय?

जे गेले त्यांचे दुःख उघड दिसते. जे राहिले त्यांच्याबद्दल सगळे म्हणतात, सुटले बिचारे. वाचकहो, ते सुटलेले नसतात. आमच्या कँटीनमध्ये पूर्वी एवढा गोंगाट असे की भोंगा ऐकू येत नसे. यादीनंतर माणसे ताटात बघून जेवू लागली. सकाळी गेटवर "जयभीम, भाऊ" म्हणणारे हात खिशात राहू लागले, कारण कोण कोणाच्या जवळचा आहे हे वर कळू नये असे वाटे. कामात सुधारणा सुचवण्याची पेटी होती. तिच्यात महिन्याला पंचवीस-तीस कागद पडत. नंतर एकही पडेना. दोन माणसांचे काम एकाने होईल असे सुचवायचे कोणी? दुसरा माणूस कोण, हे सगळ्यांना माहीत होते. प्रेस शॉपचे फिटर मामा आवाजावरून मशीनचा आजार सांगत. तेही यादीत गेले. त्यानंतर एक मशीन दोन दिवस उभे राहिले, तेव्हा तेच नवे साहेब मामांचा फोन नंबर विचारत फिरत होते. आम्ही मनात हसलो, हे खोटे कशाला सांगू?

पण खरा घाव वेगळ्याच जागी बसला. तो पतसंस्थेत!

कामगारांच्या पतसंस्थेत कर्ज मिळते ते दोन सहकाऱ्यांच्या जामिनावर. सहकार कायद्याच्या कलम 49 नुसार हप्ता थेट पगारातून कापला जातो, त्यामुळे कर्ज सहसा बुडत नाही. पण पगारच बंद झाला की कपात कशातून? मग संस्था जामीनदाराकडे वळते. आमच्याच लाइनवरच्या एका दोस्ताने मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी कर्ज काढले होते, सही आमची. त्याला मिळालेले पैसे जुन्या देण्यांत आणि घराच्या छपरात गेले. तिसऱ्या महिन्यापासून आमच्या पगारातून 2300 रुपये कापले जाऊ लागले. असे एकट्या आमच्या खात्यात नऊ जण. काम गेलेला माणूस रस्त्यात दिसला की तोंड चुकवू लागला, आणि काम राहिलेला त्याच्या पाठीमागे वाटेल ते बोलू लागला. कंपनीने कोणाला भांडायला लावले नव्हते. आमच्या सह्यांनीच ते काम केले.

आमच्या सौ. एक दिवस न सांगता रांजणगावला त्या दोस्ताच्या घरी जाऊन आल्या. म्हणाल्या, "भाऊ तोंड लपवतात ते पैशांपायी नाही, तुमच्यापायी. तुम्ही जा." आम्ही गेलो. तो तेव्हा शेंद्र्याला ठेकेदाराकडे सिक्युरिटीला बारा-बारा तास उभा राहत होता. त्या दिवसापासून दर महिन्याला 500 रुपये हातात आणून देऊ लागला. बाकीचे आम्ही सोसले. ते चौदा महिने घरात कढीभातावर पुष्कळ दिवस गेले. इतर जामीनदारांचेही असेच काही ना काही ठरले. दोघांचे कधीच ठरले नाही, आणि ती घरे आज एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत.

कंपनी विकली जाते तेव्हा काय विकले जाते, हे आधी बघावे. नुसते शेअर्स विकले तर कामगाराची नोकरी त्याच कंपनीत चालू राहते. कारखाना, जमीन, मशीन एवढेच विकले तर गोष्ट वेगळी. तळेगावला जनरल मोटर्सचे उत्पादन डिसेंबर 2020 मध्ये थांबले, हजाराहून अधिक कामगारांची लढाई सुरू झाली, आणि ऑगस्ट 2023 मध्ये ह्युंदाईशी करार झाला तो जमीन, इमारती आणि काही यंत्रांचा. उलट 27 जानेवारी 2022 रोजी एअर इंडिया टाटांकडे गेली, तेव्हा पहिले वर्षभर कोणाला कमी करायचे नाही, अशी अट सरकारने घातली होती. अट घालता येते. घालणारा टेबलाशी बसलेला पाहिजे.

1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात कलम 25 एफएफ होते. उद्योग दुसऱ्याच्या हाती जाताना सेवा अखंड धरली, अटी पूर्वीपेक्षा वाईट केल्या नाहीत आणि पुढे कमी केल्यास जुनी वर्षे मोजून भरपाई देण्याची जबाबदारी नव्या मालकावर आली, तर ठीक. नाहीतर कामगाराला कपातीसारखी भरपाई द्यायची. 21 नोव्हेंबर 2025 पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली, तिच्यातही ही तरतूद आहे. मात्र कपातीपूर्वी सरकारची परवानगी घेण्याची मर्यादा 100 कामगारांवरून 300 वर गेली आहे. वाळूजची बहुतेक लहान युनिटे त्याखालीच राहतात. म्हणून नव्या मालकाच्या पत्रावर सही करताना रुजू झाल्याची तारीख जुनीच आहे ना, हे घरातल्या शिकलेल्या पोरीला वाचायला लावावे. ग्रॅच्युइटी त्या तारखेपासून मोजतात. आमच्याकडे अकरा जणांच्या पत्रात नवी तारीख पडली होती. युनियनने ती महिनाभर भांडून बदलून घेतली.

पतसंस्था अजून आहे, सभासद निम्म्याहून कमी. लाइनवर आता बहुतेक ठेकेदाराची मुले. त्यांना सभासद होता येत नाही, म्हणून कर्ज नाही आणि कोणाचा जामीनही नाही. बजाजनगरच्या फायनान्सवाल्याकडून ती हप्त्यावर मोबाइल घेतात, आणि बाजूच्या मशीनवरच्या मुलाचे गाव कोणते, हे त्यांना सहा-सहा महिने माहीत नसते.