सावित्रीच्या काठी

मंडळी, मुंबई-गोवा रस्त्याने महाडला जाल तेव्हा सावित्री नदी नीट पाहून घ्या. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात इथला जुना दगडी पूल कोसळला, एस.टी.च्या दोन गाड्या माणसांसकट वाहून गेल्या. २०१७ साली नवा पूल झाला.

तसल्या पुरापुढे माणसाचे काही चालत नाही. पण कालव्यात, तळ्यात मोटार पडली, तर ती साधारण मिनिटभर तरंगते. तेवढ्यात पट्टा सोडा, बाजूची काच खाली करा, पोरांना आधी बाहेर काढा, मागोमाग तुम्ही निघा. काच अडली तर टोकदार लोखंडाने तिच्या कोपऱ्यावर घाव घाला. दाराशी झटू नका. पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही.

आणि पुलावरून पाणी चालले असेल, तर अलीकडेच थांबा. गाव कुठे पळून जात नाही!