थकलेल्या पायांची पारध



‘मृगया’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या संस्कृत धातूचा अर्थ ‘शोधणे’ असा आहे. कोशातील हा अर्थ मला ठाऊक होता. तो उमगला मात्र लातूर-नांदेड रस्त्यावर, लोह्याजवळच्या एका माळावर, फासेपारधी समाजातील एका वृद्ध गृहस्थांमुळे.

त्यांच्या बोलीतील पक्ष्यांची नावे नोंदविण्यासाठी मी तेथे जात असे. तरुणपणी ते फासे मांडून तितर धरीत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि कालांतराने त्यांचे फासे सुटले. पुढे अर्धांगवायूने उजवा पाय गेला. मग दृष्टीही मंदावली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा शिक्का ज्यांच्यावर बसला, त्यांत पारधी होते. १९५२ मध्ये कायदा गेला, संशय राहिला. तरीही माझ्यासारख्या परक्याला ते मोकळेपणाने शब्द देत.

माझी अडचण मी त्यांना सांगितली नव्हती. पंचावन्नाव्या वर्षी माझ्या कानांना उंच पट्टीचे ध्वनी नीट ऐकू येईनासे झाले होते. ‘स’ की ‘फ’ हे कळले नाही, की मी अंदाजाने लिहून मोकळा होई.

एका संध्याकाळी त्यांनी यादी वाचून दाखवावयास सांगितले. तिसऱ्याच नावाला ते थांबले. म्हणाले, “गुरुजी, ह्यो पक्षी आमच्याकडं न्हाई.”

तो पक्षी कोठेच नव्हता. केवळ माझ्या वहीत होता. मी ओशाळून खरे ते सांगितले. ते शांतपणे म्हणाले, “मग वहीकडं कशाला बगता? तोंडाकडं बगा. मला पाखरू दिसत न्हाई, मी कानानं हुडकितो.” इतक्यात दूरवर तितर बोलला. बाजेवरून न उठता त्यांनी हात केला, “त्या बाभळीखाली.” नातू जाऊन आला आणि हसून मान डोलावली. फासा कोणी मांडला नाही. पारध मात्र पुरी झाली होती.

त्या रात्री मी चौदा नावे खोडली. पुढच्या भेटींत बाबांच्या ओठांकडे पाहून ती पुन्हा लिहिली.

आपणही क्षेत्रकार्यास निघाल. भाषकाचे वय, गाव व बोली यांची नोंद आपण कराच. मी मात्र वहीच्या पहिल्या पानावर, त्याआधी, स्वतःच्या कानांची स्थिती लिहितो.