केर्नवेलच्या डोंगरांवरील सीमोल्लंघन

विजयादशमीच्या दिवशीं गांवची सीमा ओलांडावी, हा आपला जुना परिपाठ. २०२४ सालची विजयादशमी १२ ऑक्टोबरला, शनिवारीं आली, आणि त्या दिवशीं मी स्कॉटलंडांत आबर्डीन येथें चिरंजिवांच्या घरीं होतों. पहांटे पाटी-पुस्तकांची पूजा आटोपल्यावर चिरंजीव म्हणाले, "नाना, आजचें सीमोल्लंघन डोंगरावर करूं." अकरा वर्षांच्या नातवानें लगेच आपली वही पुढें केली. तींत तीन डोंगरांचीं नांवें लिहिलेलीं होतीं, आणि प्रत्येक नांवापुढें खूण करण्यासाठीं एकेक चौकोन मोकळा होता.

या वहीचा उलगडा केला पाहिजे. सर ह्यू मन्रो (१८५६–१९१९) या गृहस्थांनीं १८९१ मध्यें स्कॉटलंडांतील तीन हजार फुटांहून उंच अशा डोंगरांची यादी प्रसिद्ध केली. तेव्हांपासून अशा डोंगरांस 'मन्रो' असेंच म्हणतात. आज त्यांची संख्या २८२ धरतात, व ते सर्व चढण्याचें व्रत पुरें केलेले लोक हजारोंनीं मोजावे लागतील. आपलें कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर, आणि स्कॉटलंडांतील सर्वांत उंच बेन नेव्हिस १३४५ मीटर, हें ऐकून वाचकांस किंचित् हंसूं येईल. मलाहि आलें होतें. परंतु उंचीच्या जोडीला अक्षांशहि पाहावा लागतो. पुणें १८॥ अंशांवर, तर हे डोंगर सुमारें ५७ अंशांवर. तेथील वारा अंगाला लागला कीं हंसूं आपोआप मावळतें.

डी नदीच्या कांठानें ब्रेमार गांवापर्यंत गेल्यावर रस्ता दक्षिणेकडे वळतो आणि ६७० मीटर उंचीच्या केर्नवेल खिंडीस पोंचतो. ब्रिटनमधील मोठ्या रस्त्यांत हा सर्वांत उंच होय. खिंडीलगतच ग्लेनशी येथील स्कीच्या खेळाचें केंद्र आहे. मोटार एवढ्या उंचीवर येऊन थांबत असल्यामुळें पहिल्या शिखरास पावणेतीनशें मीटरच चढावें लागतें. म्हणून तिन्ही शिखरांची ही बारा-तेरा किलोमीटरांची फेरी सोपी समजतात.

बर्फ नसतां तें केंद्र उन्हाळ्याच्या सुटींतील शाळेसारखें दिसत होतें. तारेवर रिकाम्या खुर्च्या लोंबत होत्या. उतारावर लांकडी पट्ट्यांचीं कुंपणें उभीं होतीं. परंतु तीं मध्येंच सुरू होत व मध्येंच संपत. गुरें अडविण्याचा तो प्रकार दिसेना. चिरंजिवांनीं सांगितलें कीं, हीं कुंपणें वाऱ्याचा जोर मोडतात, आणि उडून जाणारा बर्फ त्यांच्या आडोशास सांचून राहतो. अलीकडे हिवाळे ऊबदार होत चालल्यानें त्या बर्फाचा भरंवसा कमी झाला आहे.

साडेदहाच्या सुमारास निघालों व तासाभरांत कार्न ओश्दाच्या माथ्यावर पोंचलों. तेथील गेलिक भाषेंत 'कार्न' म्हणजे दगडांची रास, आणि 'ओश्दा' म्हणजे पुरातन. हा वृद्ध डोंगर तीन हजार फुटांची मर्यादा अवघ्या थोडक्या मीटरांनीं ओलांडतो. श्रावण-भाद्रपदांत जांभळें दिसणारें हेदरचें झुडूप आतां तपकिरी पडलें होतें. खालच्या खोऱ्यांतून नर हरणांचें हंबरणें ऐकूं येत होतें. आश्विन हा त्यांच्या झुंजींचा काळ. एक डोंगरी ससा दगडाआडून पळाला. हिवाळ्यासाठीं त्याचे केस पांढरे होऊं लागले होते. बर्फ पडला नाहीं तर तोच पांढरेपणा बिचाऱ्याला शत्रूच्या नजरेस आणून देतो. नातवानें पहिल्या चौकोनांत खूण केली.

पुढें व्रोटाचान नांवाचें तळें उजवीकडे खालीं ठेवून आम्ही पश्चिमेकडील कण्यावर चढलों, आणि एकच्या सुमारास कार्न नान साकवर आलों. हा ९२० मीटरांचा, म्हणजे कार्न ओश्दाहून उंच. तरीहि यादींत तो स्वतंत्र डोंगर नव्हे, शेजारच्या कार्न अ यॉईचें उपशिखर. कारण दोहोंमधील जमीन फारशी खालीं उतरत नाहीं. यॉई म्हणजे 'हंसाचा डोंगर', ९७५ मीटर, तिघांत थोरला. तो समोर एका किलोमीटरवर होता. सूनबाईंनीं दिलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खाऊन होतात तोंच त्यावर ढग उतरला आणि तो दिसेनासा झाला.

चिरंजीव नकाशा मिटून म्हणाले, "नाना, येथूनच परत फिरूं."

"एक किलोमीटर तर उरलें आहे," मी म्हणालों. "तोंडाशीं आलेलें काम टाकून जायचें?"

"मधला भाग सपाट आहे. धुक्यांत धरायला खूण नाहीं. जातांना वाट सांपडेलहि. येतांना आपण दमलेले असूं, आणि तुमचा गुडघा सकाळपासून दुखतो आहे."

गुडघ्याचें मीं कोणास सांगितलें नव्हतें. मी गप्प बसलों. चिरंजीव नऊ वर्षांचे असतां एका उदाहरणाचें उत्तर येईना, म्हणून पान वाढलेलें असूनहि मीं त्यांना पाटीवरून उठूं दिलें नव्हतें. अन्न निवून गेलें. सौभाग्यवती त्या रात्रीं माझ्याशीं बोलल्या नाहींत. चिरंजिवांनीं ती आठवण काढली नाहीं. ती मलाच झाली. मी पुढें जाऊं म्हणत होतों तें नातवासाठीं नव्हे, माझ्यासाठीं. धुक्यांत चुकलों असतों, तर हात धरून फिरावें लागलें असतें तें त्या पोराला.

"कार्न नान साक म्हणजे काय रे?" मीं नातवास विचारलें.

"गोण्यांचा डोंगर, आजोबा."

"मग माझी गोणी येथेंच ठेवूं," असें म्हणून मी उठलों.

नातवाचा चेहरा उतरला होता. परततांना चिरंजिवांनीं त्याला मन्रोसाहेबांची हकीकत सांगितली. ज्यांनीं ही यादी केली, त्यांची स्वतःची यादी पुरी झालीच नाहीं. येथून उत्तरेस असलेला कार्न क्लोइख-वूलिन हा डोंगर त्यांनीं मुद्दाम शेवटीं चढण्यासाठीं राखून ठेवला होता. १९१९ मध्यें ते वारले, तो राहून गेला. आणि १९८१ मध्यें तो डोंगर यादींतूनच वगळून उपशिखरांत घालण्यांत आला. हें ऐकून पोर हंसलें.

केर्नवेलचा ९३३ मीटरांचा माथा तारायंत्रांच्या खांबांनीं व खोपट्यांनीं भरलेला आहे. सौंदर्य असें नाहीं. तेथें दुसरी खूण झाली. साडेतीनला मोटारीशीं उतरत असतां मागें वळून पाहिलें, तों पश्चिमेकडील ढग पार उठलेला! थोडें थांबलों असतों तर जमलें असतें, असें मनांत आलें, हें लपवीत नाहीं. चिरंजिवांनींहि तिकडे पाहिलें, व कांहीं न बोलतां माझी काठी घेऊन मोटारींत ठेवली.

रात्रीं नातू वही घेऊन आला. "आजोबा, साक ओश्दाहून उंच आहे, पण त्याला चौकोनच नाहीं. काय करूं?"

"समासांत लिही."

त्यानें समासांत लिहिलें, 'कार्न नान साक, येथून परत फिरलों.' अर्धवट गृहपाठावर मीं उभ्या जन्मांत कधीं सही केली नव्हती. त्याच्याखालीं तारीख घालून केली.