वेगळा पेला

रोगी बरा झाला हें कोणीं ठरवावें? डॉक्टर म्हणतात, तें कागदावर ठरतें. घरची माणसें म्हणतात, तें ताटावर ठरतें. मला विचाराल तर तें मित्रांच्या बैठकींत ठरतें. आणि तेंहि त्यांच्या बोलण्यावरून नव्हे, तर चहा कशांतून येतो त्यावरून ठरतें. सात महिन्यांच्या गैरहजेरीनंतर गेल्या महिन्यांत मी आमच्या रविवारच्या बैठकीस गेलों, तेव्हां ही गोष्ट मला पुरतेपणीं कळली.

आमची बैठक म्हणजे कांहीं मोठी संस्था नव्हे. तिला घटना नाहीं, वर्गणी नाहीं, आणि सुदैवानें अध्यक्षहि नाहीं. सदाशिव पेठेंतील एका वकीलमित्राच्या ओसरीवर गेलीं अठरा वर्षें दर रविवारीं सकाळीं आम्ही सहासातजण जमतों. त्यांत एक निवृत्त इंजिनियर आहेत, एक बँकेंतले गृहस्थ आहेत, व्याकरणाच्या एका चुकीसाठीं मैत्री पणास लावणारे एक शास्त्रीबुवा आहेत, आणि इंग्रजीचा प्राध्यापक या नात्यानें प्रत्येक गोष्टीस हरकत घेणारा मी आहें. शास्त्रीबुवा ज्ञानेश्वरी वाचतात, बाकीचे अर्थावर भांडतात, आणि भांडण रंगांत आलें कीं आंतून वहिनी चहाचें तबक पाठवितात. त्या तबकांतले कप अमक्याचा हा आणि तमक्याचा तो असे ठरलेले नाहींत. ज्याच्या हातास जो लागेल तो त्याचा. ही बारीकशी गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

गेल्या जानेवारींत मला संध्याकाळीं बारीक ताप येऊं लागला. खोकला होताच; तो मीं खडूच्या धुळीच्या माथीं मारला. उभा जन्म फळ्यापुढें काढलेल्या माणसास तेवढा हक्क असतो! पण विजार कमरेंत सैल होऊं लागली तेव्हां घरांतून हुकूम सुटला. छातीचा फोटो निघाला, थुंकी तपासली गेली, आणि डॉक्टरांनीं निदान सांगितलें : क्षय. पहिले दोन महिने चार औषधें, पुढचे चार महिने तीन. आणि एकहि दिवस चुकवावयाचा नाहीं. त्यांतल्या एका औषधानें डोळ्यांतल्या पाण्यालाहि नारिंगी छटा येते असें त्यांनीं बजावलें. "म्हणजे आतां रडायचीहि चोरी झाली," असें मी म्हणालों. डॉक्टर हंसले, माझी पत्नी मात्र हंसली नाहीं.

हा शब्दच मोठा विलक्षण आहे. मलेरिया म्हटलें म्हणजे माणसास डांस आठवतो. क्षय म्हटलें म्हणजे चेहरे आठवतात. आपल्या पुराणांनीं तर हा रोग प्रत्यक्ष चंद्रास जडविला. सत्तावीस भार्यांपैकीं एकट्या रोहिणीवर त्याचा जीव, म्हणून सासरा दक्ष रागावला आणि 'तुला क्षय होईल' असा शाप देता झाला. पुढें प्रभासक्षेत्रीं शंकराची आराधना करून चंद्रास अर्धी सुटका मिळाली. पंधरा दिवस झिजावें, पंधरा दिवस भरावें. ही कथा मीं लहानपणापासून ऐकलेली. पण अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्या मनांत एक नवीच शंका आली. चंद्र बरा होऊन परत आला तेव्हां त्या सत्तावीसजणींनीं त्याचें पाणी पिण्याचें भांडें वेगळें तर नाहीं ना काढलें?

पुराण सोडून इतिहासांत शिरावें तरी तेथेंहि हाच रोग दबा धरून बसलेला. थोरले माधवराव पेशवे थेऊरास 18 नोव्हेंबर 1772 रोजीं निवर्तले, तेव्हां त्यांचें वय अवघें सत्तावीस. अमेरिकेस जाऊन 1886 सालीं डॉक्टर झालेल्या आनंदीबाई जोशी 26 फेब्रुवारी 1887 रोजीं पुण्यांत गेल्या. त्यांस बावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं. आणि ज्या कीट्सची कविता शिकवून मीं आजवर पोट भरलें, तो 1821 सालीं रोम शहरांत पंचविसाव्या वर्षीं याच रोगानें गेला. तो गेल्यावर तेथील कायद्याप्रमाणें त्याच्या खोलींतलें सामान जाळून टाकण्यांत आलें. वर्गांत हा तपशील सांगतांना मी नेहमीं किंचित् थांबत असें. मुलांवर परिणाम चांगला होई. यंदा अंथरुणावर असतांना मीं आपल्या खोलींतल्या टेबलाकडे, खुर्चीकडे आणि पुस्तकांच्या कपाटाकडे पाहिलें, आणि त्या थांबण्याची मला लाज वाटली.

रॉबर्ट कॉख यानें क्षयाचा जंतु सांपडल्याचें 24 मार्च 1882 रोजीं बर्लिनमध्यें जाहीर केलें. त्यावर मात्रा लागू पडणारें स्ट्रेप्टोमायसिन हातीं आलें तें 1943 सालीं. शत्रूचें नांव कळल्यापासून त्याच्यावर टाकावयाचें शस्त्र मिळेपर्यंत एकसष्ट वर्षें गेलीं! पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मद्रासचा प्रयोग. क्षयरोग्यास गांवाबाहेर आरोग्यधामांतच ठेवलें पाहिजे अशी समजूत जगभर रूढ असतांना, 1956 सालीं तेथील संशोधकांनीं कांहीं गरीब रोग्यांस आरोग्यधामांत ठेवलें आणि कांहींस त्यांच्या दाटीवाटीच्या घरींच ठेवून औषध दिलें. 1959 सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरचे रोगी जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि त्यांच्या घरच्या माणसांस आरोग्यधामांतील रोग्यांच्या घरच्या माणसांपेक्षां अधिक बाधा झाली नाहीं. रोग्यास माणसांतून उठविण्याची गरज नाहीं हें जगास शिकविलें तें आपल्या देशांतील एका शहरानें. शिवाय हा रोग खोकल्यावाटे हवेंतून पसरतो. कपबशीनें, ताटवाटीनें पसरत नाहीं. आणि औषध लागू पडलें म्हणजे बहुतेक रोग्यांपासून होणारा संसर्ग कांहीं आठवड्यांतच थांबतो.

हें सारें मला आजारपणांत कळलें असतें तर किती बरें झालें असतें! खेदाची गोष्ट ही कीं यांतलें बरेंचसें मला बारा वर्षांपूर्वींच ठाऊक होतें.

बारा वर्षांपूर्वीं आमच्या बैठकींत एक मास्तर येत असत. शाळेंत गणित शिकवीत. बोलत कमी, पण बोलले म्हणजे नेमकें बोलत. त्यांना क्षय झाला. ते सहासात महिने दिसले नाहींत, आणि एका रविवारीं औषध पुरें करून, डॉक्टरांचा दाखला खिशांत घालून परत आले. आम्हीं त्यांचें स्वागत केलें. "किती दिवसांनीं!" असें सगळे म्हणाले, मीहि म्हणालों. मग मी पाणी पिण्याचें निमित्त करून आंत गेलों आणि वकीलसाहेबांस हळूच म्हणालों, "घरांत लहान मुलें आहेत. जरा वेगळें ठेवलेलें बरें." थोड्या वेळानें तबक आलें. त्यांत सहा कप होते आणि निळ्या रेघेचा एक कांचेचा पेला होता. तबक फिरत फिरत गेलें, आणि मास्तरांपर्यंत पोंचलें तेव्हां त्यांत पेलाच उरला होता. त्यांनीं तो उचलला, चहा घेतला, आणि त्या दिवशींच्या ओवीवर एक फार मार्मिक शंका विचारली. पुढच्या रविवारीं पुन्हां तोच पेला. तिसऱ्या रविवारीं ते आले. चौथ्या रविवारीं आले नाहींत. घर लांब पडतें असा निरोप आला. पुढें ते नागपुरास मुलाकडे राहावयास गेल्याचें कळलें. आम्हांस वाईट वाटलें. वाईट वाटण्यास कांहीं खर्च येत नाहीं.

आतां पाळी माझी होती. औषधें संपलीं, तपासणी झाली, डॉक्टरांनीं कागदावर सही केली. तरी पुढले दोन रविवार मी घरांतून निघालों नाहीं. पावसाचें निमित्त सांगितलें. तिसऱ्या रविवारीं पाऊस नव्हता. निघतांना मीं स्वयंपाकघरांतला एक कप रुमालांत गुंडाळून पिशवींत घातला. पत्नीनें पाहिलें, पण विचारलें नाहीं. मंडळींस अवघडल्यासारखें होऊं नये म्हणून मी आपला कप नेत आहें, असें मीं मनाशीं म्हणालों. खरें कारण वेगळें होतें. वेगळा पेला पुढें येण्यापूर्वीं आपणच वेगळें व्हावें, म्हणजे अपमान निदान आपल्या हातचा होतो.

ओसरीवर सगळे होते. मी आजारी पडलों तेव्हां नववा अध्याय चालू होता; आतां तेरावा लागला होता. माझ्यावांचून चार अध्याय संपले हें पाहून मला आनंद व्हावयास हवा होता. पण खरें सांगावयाचें तर थोडा रागच आला. "तुम्ही नव्हतां म्हणून इतके झाले," इंजिनियर म्हणाले. "भांडायला कोणी नव्हतें." शास्त्रीबुवांनीं चष्म्यावरून पाहिलें आणि ते म्हणाले, "बाराव्यांत तीन ठिकाणीं मी मुद्दाम थांबलों. येथें प्राध्यापक हरकत घेतील म्हणून वाट पाहिली. कोणीच घेतली नाहीं." इतकें बोलून ते पुढें वाचूं लागले. सात महिन्यांत माझी अनेकांनीं अनेक प्रकारें विचारपूस केली होती. पण आपल्या हरकतीसाठीं कोणी तीनदां थांबलें होतें हें ऐकून माझा घसा दाटून आला. मी खोकलों नाहीं. ओसरीवर खोकण्याचें मला धैर्य झालें नाहीं.

मग तबक आलें. मीं लांबूनच मोजलें : सात कप, सगळे सारखे. पेला नव्हता. तरी मी हात पुढें केला नाहीं. सगळ्यांचें होऊं दिलें. तेव्हां आयुष्यभर सोवळेंओवळें पाळणाऱ्या त्या शास्त्रीबुवांनीं दोन कप उचलले, एक माझ्या हातांत दिला, आणि पोथीवरून दृष्टि न काढतां दुसरा तोंडास लावला.

मला सुटल्यासारखें वाटावयास पाहिजे होतें. पण तो कप हातांत घेऊन मी बसून राहिलों. मला जें आज न मागतां मिळालें, तें मास्तरांस तीन रविवार बसूनहि मिळालें नव्हतें. आणि तें मिळूं न देणारा मी होतों. चहा निवला. शेवटीं मीं पिशवींतला कप काढून सर्वांसमोर सतरंजीवर ठेवला, आणि बारा वर्षांपूर्वीं मी आंत जाऊन काय बोललों तें सांगितलें.

कोणी कांहीं बोललें नाहीं. बऱ्याच वेळानें वकीलसाहेब म्हणाले, "तुम्ही सांगितलेंत हें खरें. पण तुम्ही आंत येण्यापूर्वींच मी तो पेला फडताळांतून काढून ठेवला होता. कोणी तरी सांगावें, एवढ्याचीच वाट पाहत होतों." बँकेंतले गृहस्थ म्हणाले, "तबक मी उलट्या बाजूनें फिरविलें होतें. त्यांच्याकडे शेवटीं जावें म्हणून." इतकीं वर्षें आम्ही ओवी-ओवीवर भांडलों होतों, पण या एका गोष्टींत आमचें किती एकमत होतें हें त्या दिवशीं प्रथम कळलें.

त्याच रात्रीं मीं मास्तरांस पत्र लिहिलें. मराठींत चार आणि इंग्रजींत एक असे मसुदे फाडून टाकले. क्षमा मागतांनाहि मी भाषा सुंदर करूं पाहत होतों. शेवटीं पांच ओळी लिहिल्या. आठ दिवसांनीं उत्तर आलें. अक्षर तेंच, गणिताच्या वहीसारखें सरळ. त्यांनीं लिहिलें होतें :

"पेल्याचें मला नवल वाटलें नव्हतें. त्या वेळीं घरींहि माझा पेला वेगळाच होता. पण घरीं तसें मला सांगितलेलें होतें. तुमच्याकडे कोणी सांगितलें नाहीं, एवढाच फरक. तुमची प्रकृति सुधारली हें वाचून बरें वाटलें. वजन दर महिन्यास बघत जा. डिसेंबरांत मुलीकडे पुण्यास येत आहें. रविवारची वेळ तीच आहे ना?"

पत्र मीं बैठकींत वाचून दाखविलें. शास्त्रीबुवांनीं तें मागून घेतलें, पुन्हां एकदां मनांत वाचलें, आणि त्यांत व्याकरणाची एकहि चूक नाहीं असा अभिप्राय दिला. त्यांच्या तोंडून यापेक्षां मोठी स्तुति मीं ऐकलेली नाहीं. वकीलसाहेबांनीं आंत जाऊन त्या निळ्या रेघेच्या पेल्याची चौकशी केली. तो कधींच फुटला होता.

वेळ तीच आहे असें मीं उलट टपालीं कळविलें. डिसेंबरास अजून तीन महिने आहेत. मी दर महिन्यास वजन बघतों, सकाळीं फिरावयास जातों, आणि रात्रीं वेळेवर निजतों. डॉक्टरांस माझ्या नियमितपणाचें कौतुक वाटतें. त्याचें कारण मात्र मीं त्यांस सांगितलेलें नाहीं.