लोहाराचा भाता

शर्यत कोणी जिंकली, हे आम्ही लवकर विसरतो. परंतु १९१३ सालच्या फ्रान्सच्या सायकल-प्रदक्षिणेतील यूजेन क्रिस्तोफ आमच्या मनातून जात नाही. पिरेनीज पर्वतातील तूरमाले घाटात त्याच्या सायकलीचा पुढचा चिमटा मोडला. परक्याचे साहाय्य घेणे तर नियमाने वर्ज्य! सायकल खांद्यावर टाकून तो मैलोगणती चालला आणि सेंत-मारी-द-काँपाँ येथील लोहारशाळेत त्याने स्वहस्ते लोखंड सांधले. एका पोराने भाता ओढला, एवढ्यावरून पंचांनी त्याला दंड ठोठावला. ही प्रदक्षिणा जिंकणे पुढेही त्याच्या नशिबी आले नाही. नियम हवेत, हे आम्हांस मान्य आहे. परंतु ज्या स्वावलंबनासाठी तो नियम केला, ते ज्याने पुरतेपणी आचरिले, त्यालाच तो बाधावा, यास न्याय म्हणावयास आमची जीभ रेटत नाही.