चार इंच जाळीचा हिशेब

बायकोसाठी विग शोधायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात रिकामा माणूस मी एकटाच होतो. केमोथेरपी सुरू व्हायच्या आधी डॉक्टरांनी सगळं समजावलं होतं. तिच्या औषधांत डॉक्सोरुबिसिन नावाचं एक लाल रंगाचं औषध होतं. त्यानं दोन-तीन आठवड्यांत केस जाणार आणि उपचार संपल्यावर परत येणार. बाहेर पडताना नर्स म्हणाली, ‘‘काका, विग घेणार असाल तर काकूंचे केस आहेत तोवरच बघून ठेवा. रंग जुळवायला बरं पडतं.’’ आयुष्यभर सहकारी बँकेत हिशेब तपासलेले, त्यामुळे घरी आल्याबरोबर वहीत ‘विग’ असं लिहिलं, पुढे रकाना आखला आणि पेन्सिलीनं २,००० रुपयांचा अंदाज टाकला. माझ्या स्वतःच्या डोक्यावर पस्तिशीनंतर फारसं काही उरलेलं नाही. पण त्यावर काही घालता येतं आणि त्यासाठी लोक पैसे मोजतात, हे त्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

आम्ही दादरला एका दुकानात गेलो. काउंटरवरच्या ताईंनी विचारलं, ‘‘कुठला दाखवू? मशीनचा, मोनो, लेस फ्रंट, फुल लेस?’’

मी म्हणालो, ‘‘काळा.’’

ताई सोशिक होत्या. त्यांनी आधी मशीनचा विग उलटा करून दाखवला. आत लवचीक टोपी, तिच्यावर केसांच्या लांबलचक पट्ट्या ओळीनं शिवलेल्या. स्वस्त आणि दणकट. अडचण एवढीच, की कपाळाजवळची कड जाड असते आणि ती झाकायला कपाळावर केस सोडावे लागतात. आमच्या हिनं जन्मात कपाळावर बट येऊ दिलेली नाही. मधोमध भांग, केस चापून मागे, अंबाडा. तिनं तो विग घालून आरशात पाहिलं आणि माझं मत विचारलं. ‘‘पाचवीतली मुलगी वाटतेस,’’ मी म्हणालो. मला ते कौतुक वाटलं होतं. पुढचा अर्धा तास ती माझ्याशी जे काही बोलली ते ताईंमार्फत.

मग लेस फ्रंट निघाला. बाकीची टोपी तशीच पट्ट्यांची, पण पुढच्या बाजूला एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत १३ इंच आणि तिथून मागे ४ इंच जाळी. चष्मा कपाळावर सरकवून मी ती डोळ्यांजवळ धरली. आरपार दिसणारी, बोटाला जेमतेम जाणवेल इतकी बारीक. तिच्या भोकाभोकातून एकेक, फार तर दोन-दोन केस ओवून गाठ मारलेली. टोकाला आकडी असलेल्या बारीक सुईनं हे काम माणूस हातानं करतो. पार कडेशी केस विरळ, मागे दाट होत गेलेले. जाळी कपाळावर टेकली की केस कातडीतूनच उगवल्यासारखे दिसतात आणि ते मागे फिरवता येतात. हिनं ते मागे फिरवले, मधोमध भांग पाडला आणि आरशात बघत राहिली. तिचा चेहरा बघून मला कळलं, की माझा रकाना गेला. मशीनचा सिंथेटिक ४,०००, सिंथेटिक लेस फ्रंट ९,०००, खऱ्या केसांचा लेस फ्रंट ३२,०००. पूर्ण जाळीचा, म्हणजे फुल लेस, त्याच्या दुप्पट. मी ताईंना विचारलं, ‘‘यात नुसती पुढची जाळी मिळते का?’’

खऱ्या केसांना इतके पैसे का, हेही ताईंनी सांगितलं. चांगला माल बराचसा देवळांतल्या मुंडणाचा असतो. तिरुमलाला भाविक केस देतात, देवस्थान त्यांचा लिलाव करतं आणि त्यांतले पुष्कळसे परदेशी जातात. तिथल्या कल्याणकट्ट्यावर मी स्वतः डोकं भादरून घेतलेलं आहे, तेही भादरण्याजोगं काही होतं तेव्हा! मुंडणाचे केस एकदम निघतात, त्यामुळे सगळ्यांची मुळं एका बाजूला ठेवता येतात. केसावर सूक्ष्म खवले असतात, ते एकाच दिशेला राहिले की केस गुंतत नाहीत. असा माल म्हणजे ‘रेमी’. दुसरा प्रकार विंचरताना गळालेल्या केसांचा. त्यात मुळं-टोकं एकमेकांत मिसळलेली, म्हणून ॲसिडनं खवले काढतात, वर सिलिकॉनचा मुलामा देतात. दुकानात ते रेशमासारखे दिसतात आणि चार वेळा धुतले की गुंता. आमच्या गल्लीत पूर्वी केसांवर भांडी देणारी बाई यायची. हिनं वर्षभराचे गुंतवळ देऊन तिच्याकडून एक स्टीलची वाटी घेतली होती. ‘‘अगं बाई, तो धंदा इथवर येतो होय?’’ ही म्हणाली. ‘‘मग वाटी फार लहान दिली तिनं.’’

मी ठरवलं, आधी तेरीज, मग ताळेबंद. ९,०००चा सिंथेटिक लेस फ्रंट घेऊन बघायचा, जमलं तर पुढचं. मापं मीच घेतली: कपाळावरून कानांच्या वरून मानेशी वळसा, कपाळ ते मान, कान ते कान. आधी घरातली लोखंडी टेप आणली. ती डोक्यावरून सटकून ‘खट्ट’ करून मिटली तेव्हा ही म्हणाली, ‘‘दरवाजा बसवताय का?’’ मग शिंप्याची टेप. घेर पावणेतेवीस इंच आला, तो मी अभिमानानं कळवला. विग आला तोवर केस गेले होते. उशीवर, मोरीत, पदरावर, आणि एका सकाळी तिनंच मशीन फिरवून टाका म्हणून सांगितलं. नव्या विगमध्ये आता दोन बोटं सहज जात होती. माप मी दाट केसांवरून घेतलं होतं आणि तो दाटपणा मशीनखाली गेला होता. आत मागच्या बाजूला ब्रासारखे हूक आणि पट्ट्या असतात, त्या ओढून विग घट्ट करता येतो. हे मला लेकीनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, तेही माझं डोकं कॅमेऱ्यासमोर धरायला लावून.

डोस झाल्यावर चार-पाच दिवस हिला डोक्यावर साधा रुमालही नको व्हायचा. तेव्हा ‘गरम किती होतं, टोचतं का’ हे तपासायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. घरात दुसरं तुळतुळीत डोकं माझंच होतं, शिवाय विग ठेवायचा स्टँड ६०० रुपयांना होता आणि मला ते पटत नव्हतं. वेळ टिपून मी विग घातला. वीस मिनिटांनी कानामागे घाम. तासाभरानं जाळीच्या गाठी कपाळावर चुरचुरायला लागल्या. म्हणून आत सुती टोपी हवी, असं मी वहीत लिहीत होतो तेवढ्यात बेल वाजली आणि मी तसाच दार उघडायला गेलो. इस्त्रीवाल्यानं माझ्या मिशांकडे पाहिलं, केसांकडे पाहिलं, गठ्ठा हातात दिला आणि पैसे न मागता जिना उतरला.

तेवढ्यावर भागलं असतं. पण कुकर झाला होता. शिट्टी उचलून वाफ काढली, झाकण उघडलं आणि भात शिजला का बघायला वाकलो. चुर्र असा आवाज वगैरे काही झाला नाही, वास मात्र आला. आरशात पाहिलं तर पुढच्या बटा मॅगीसारख्या आखडल्या होत्या. सिंथेटिक केस म्हणजे प्लास्टिकचा धागा. वाफ, फोडणी, गॅसची आच, काहीही त्याला चालत नाही. एकदा आखडला की सरळ होत नाही. खरे केस ते सोसतात. ज्या बाईला दिवसातून दोनदा ओट्याशी उभं राहायचंय, तिला ही गोष्ट किंमत सांगण्याच्या आधी सांगायला हवी. मी ९,०००च्या पुढे ‘बुडीत’ लिहिलं. आतल्या खोलीतून हिचा हसण्याचा आवाज आला. डोस झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती, म्हणून मी आणखी दोन मिनिटं तो विग डोक्यावर ठेवला.

दुसऱ्या खेपेला खऱ्या केसांचा घेतला. घासाघीस केली, ती फक्त गाठींपुरती यशस्वी झाली. जाळीवरच्या काळ्या गाठी बारीक ठिपक्यांसारख्या दिसतात, म्हणून त्यांना आतून ब्लीच लावून फिक्या करतात. जास्त वेळ ठेवलं तर मुळाशी केस नारिंगी होतात आणि गाठीही कमजोर पडतात. ते काम दुकानानं फुकट करून दिलं. जाळीचा रंग मात्र गोरटेला होता, हिच्या कपाळावर पांढरी पट्टी दिसायची. ताई म्हणाल्या, ‘‘काका, चहात बुडवा.’’ अखेर मला जमेल असं काही निघालं. मी विचारलं, ‘‘दूध घालून?’’

नुसत्या पावडरीचा कोरा चहा, गार केलेला, आणि त्यात फक्त जाळी. पहिल्यांदा काढली तेव्हा रंग तंतोतंत जुळला म्हणून मी हाका मारून सगळं घर गोळा केलं, म्हणजे हिला उठवलं. वाळल्यावर जाळी पुन्हा गोरी झाली. ओली असताना रंग गडदच दिसतो. कपाळाच्या पुढे इंचभर जादा जाळी असते, ती कापायला कात्री माझ्या हाती द्यायची नाही, यावर घरात एकमत होतं. समोरच्या पार्लरमधली मुलगी आली. तिनं विग हिच्या डोक्यावर बसवला आणि भुवयांच्या छोट्या रेझरनं थोडी थोडी, मुद्दाम वाकडीतिकडी कापली. सरळ रेघ कपाळावर उठून दिसते. केसांच्या फार जवळ कापलं तर कडेच्या गाठी सुटतात.

चिकटवायचं काय? जाळी कातडीत मिसळून जाते ती गोंदामुळे. तो लावायचा, काही दिवसांनी द्रावण चोळून सोडवायचा, कातडी पुसायची, पुन्हा लावायचा. नर्सनं एका शब्दात सांगितलं, ‘‘नको.’’ केमोच्या काळात कातडी हुळहुळी झालेली असते, त्यात गोंद आणि स्पिरिट कशाला? मग आत एका कानामागून दुसऱ्या कानामागे इलॅस्टिकची पट्टी शिवून घेतली आणि सुती टोपीवर मखमली पट्टा घातला. विग घट्ट बसला. पण पंख्याखाली बसलं की जाळीची कड एका कानशिलाशी केसभर उचलली जायची. तिथं चार बारीक केस पुढे ओढून ठेवायचे, एवढाच उपाय. मी ते शंभर वेळा न्याहाळलं. पाहुण्यांपैकी कुणालाही दिसलं नाही.

खरी परीक्षा पुतण्याच्या लग्नात झाली. हळदीकुंकवाला जाऊबाई, मावश्या, विहीणबाई रांगेनं आल्या आणि प्रत्येकीचं बोट हिच्या कपाळाला टेकलं, जाळीपासून दीड-दोन इंचांवर. तिथं मशीनचा विग उघडा पडला असता. हा टिकला. मी श्वास रोखून उभा होतो, तिनं शेवटी मला लांब जाऊन बसायला सांगितलं. फजिती झाली ती मागच्या बाजूनं. हिला नेहमीसारखा अंबाडा हवा होता. पण जाळी फक्त पुढे असते. मागचे केस वर उचलले की मानेवर पट्ट्यांची शिवण आणि इलॅस्टिक स्वच्छ दिसतं. हे आम्हाला कार्यालयाच्या खोलीत, हातात गजरा घेतल्यावर कळलं. उंच अंबाड्यासाठी मानेपाशीही जाळी असलेला विग लागतो, तो आणखी महाग. शेवटी मानेवर सैल, खाली उतरलेली गाठ बांधली आणि तिच्याभोवती गजरा गुंडाळला. ‘‘नवीन स्टाइल का?’’ कुणीतरी विचारलं. ही ‘‘हो’’ म्हणाली.

घरी धुवायचं काम माझं. आठ-दहा वेळा वापरल्यावर, कोमट पाण्यात, चोळायचं नाही, टोकांकडून वर विंचरत जायचं. कंडिशनर केसांना लावायचा, गाठींना नाही, कारण त्या निसरड्या होऊन सुटतात. हे मी बाटली मुळांशी ओतल्यानंतर वाचलं. भांगाजवळ एक जागा त्यामुळे जरा विरळ आहे. ताई म्हणाल्या, रोज वापरला तर जाळी साधारण वर्षभर तग धरते, केस त्याहून जास्त.

उपचार संपायला आले तेव्हा मी वही काढली. घरात ती सुती रुमालच बांधायची. विग फक्त लग्नं, बँक, भिशी आणि एकदा सोसायटीची सभा, एवढ्यासाठी. ३२,०००ला त्या वेळांनी भागलं तर एका खेपेचा आकडा असा आला, की मी तो खोडून पुन्हा केला. तोच आला. हिला दाखवला. म्हटलं, कपाळ उघडं ठेवायचंय आणि लोक जवळ येणारेत, त्याच्यासाठी पुढची जाळी वसूल आहे. गोंदाचा खटाटोप नाही. आणि रोजच्याला ३२,००० नकोतच. तिनं आकड्याकडे पाहिलं.

‘‘माझी पैठणी केवढ्याची?’’

‘‘अठरा हजार.’’

‘‘किती वेळा नेसले? तिला कधी भागलंत?’’

आता तिच्या डोक्यावर बोटभर केस आहेत, करडे आणि चक्क कुरळे. केमोनंतर असे येतात पुष्कळांचे, पुढे सरळ होतात म्हणे. भाजी आणायला ती तशीच उघड्या डोक्यानं जाते. विग कपाटात आहे. परवा दुकानातून ताईंचा फोन आला. सर्व्हिसिंगला आणताय का, आत गरम होतं का, गाठी कुठे टोचतात का, सगळं विचारत होत्या. ही म्हणाली, ‘‘थांबा हं, यांना देते. आमच्याकडे जास्त तास त्यांनीच घातलाय.’’